भर उन्हात धावत्या गाडीचा फोटो : फिल्टर कोणता घ्यावा?

फोटोग्राफीवर घर चालवणाऱ्या आपल्या बांधवांना कधी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याचे, कधी टुरिस्ट गाडीच्या मालकाचे काम मिळते. जाहिरातीसाठी गाडी धावताना दिसली पाहिजे, अशी अट असते आणि वेळ मिळते ती नेमकी दुपारी बाराची. फोटो स्वच्छ येतो, पण गाडी रस्त्यात उभी केल्यासारखी दिसते. गिऱ्हाईक पैसे देते, मात्र पुन्हा फिरकत नाही.

असे का होते? कडक उन्हात आयएसओ १०० वर एफ १६ ठेवले तर शटर सुमारे १/१२५ सेकंद येते. एफ ५.६ केले की तेच १/१००० होते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी १/१००० सेकंदात पावणेदोन सेंटीमीटरही सरकत नाही आणि चाक जेमतेम तीन अंश फिरते. चाकाचे आरे मोजता येतात, म्हणून गाडी उभी वाटते. १/६० सेकंदात तीच गाडी २८ सेंटीमीटर जाते, चाक ५० अंशांच्या वर फिरते. अशा वेळी कॅमेरा गाडीबरोबर वळवत नेला, म्हणजे पॅनिंग केले, तर गाडी स्पष्ट राहते आणि मागची झाडे, भिंती रेघांसारख्या ओढल्या जातात.

१/६० साठी एफ २२ करून भागेल, असे कोणी म्हणेल. भागते, पण इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो व फोटोची धार बोथट होते. सेन्सरवरची धूळही ठिपक्यांच्या रूपाने उमटते. १/३० हवे असेल तर एफ ३२ लागेल, ते बहुतेक लेन्सवर नसतेच. म्हणून फिल्टर.

एनडी फिल्टर म्हणजे लेन्सचा काळा चष्मा. रंग न बदलता तो उजेड कमी करतो. एनडी ८ लावला की आठवा हिस्सा उजेड आत येतो, म्हणजे तीन स्टॉप कमी. मग एफ ८ वर १/६० आरामात मिळते. फिरवून कमीजास्त होणारा एनडीही मिळतो, पण तो शेवटपर्यंत गडद केल्यास फोटोवर फुलीसारखी काळी सावली पडू शकते.

तरीही गाड्यांच्या कामासाठी पहिला पैसा पोलरायझरवर घालावा, असे आम्हाला वाटते. तो दीड ते दोन स्टॉप उजेड खातोच, म्हणजे एफ ११ च्या आसपास १/६० येते. शिवाय काचेवरची व रंगावरची चकाकी तो कमी करतो. क्रोमच्या पट्टीवर त्याचा फारसा इलाज चालत नाही. बाजूच्या टफन केलेल्या काचांवर कधीकधी डाग उमटलेले दिसतात. तो काचेचा गुण आहे, फिल्टर खराब समजून दुकानदाराशी भांडू नये. गाडी पुढे सरकते तसा कोन बदलतो, तेव्हा जिथे बटण दाबणार तिथे गाडी आधी उभी करून फिल्टर फिरवून ठेवावा. चकाकी सगळी मात्र काढू नये, गाडी मातीची दिसू लागते. घेताना सर्क्युलर प्रकारचाच मागावा. लिनिअरमुळे एसएलआरचा ऑटोफोकस व मीटर चुकू शकतो.

यूव्ही फिल्टर पुष्कळदा लेन्सबरोबर गळ्यात मारला जातो. तो काच सांभाळतो एवढेच, या कामात त्याचा उपयोग शून्य. लेन्स दोन-तीन असतील तर सर्वांत मोठ्या मापाचा एकच फिल्टर घ्यावा, बाकीच्यांना स्टेप-अप रिंग लावावी.

पॅनिंगमध्ये दहा फोटोंतले एक-दोनच साधतात, तेव्हा गिऱ्हाइकाकडून गाडीच्या पाचसहा फेऱ्या आधीच ठरवून घ्याव्यात. उभे राहायचे ते रस्त्याच्या कडेपासून चांगले मागे, कारण डोळा कॅमेऱ्याला लावला की उलट्या बाजूने येणारा ट्रक दिसत नाही.