वालीवचा फ्लॅट आणि भूकंपाचा विमा

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात जमीन थरथरू लागली आणि धुंदलवाडी हे नाव राज्यभर पोचलं. पुढच्या काळात तिथे हजारो धक्के नोंदले गेले. बहुतेक ३ रिश्टरच्या आतले, ४ च्या पुढे गेलेले मोजकेच. पण केंद्र फार खोल नसल्याने जमिनीखालून गडगडाट ऐकू यायचा आणि माणसं जीव मुठीत धरून बाहेर धावायची. फेब्रुवारी २०१९ मध्ये हळदपाड्यात अशाच पळापळीत पडून एक चिमुरडी दगावली. किती तरी कुटुंबांनी थंडीच्या रात्री तंबूत काढल्या.

वसई तालुक्यातलं वालीव तिथून सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. मग वालीवच्या फ्लॅटवाल्याने भूकंपाचा विमा काढावा का?

आपल्या पायाखाली भेगा आहेत, यात वाद नाही. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं ही त्यांचीच खूण. खोलवर तापलेलं पाणी भेगांच्या वाटेने वर येतं. अशी कुंडं पालघरपासून खाली राजापूरपर्यंत सापडतात. पण या भेगांपैकी कुठली कधी हलेल हे कोणी सांगू शकत नाही. इतिहासही फारशी मदत करत नाही. मे १६१८ मध्ये मुंबई-वसई भागात भूकंपाने दोन हजार माणसं मेल्याचं जुन्या याद्यांत आहे. मूळ नोंदी तपासणाऱ्या अभ्यासकांच्या मते मात्र ते वादळ होतं.

सरकारी नकाशावर आपण मध्यम धोक्याच्या, तिसऱ्या क्षेत्रात येतो. या नकाशावर किती विसंबायचं ते किल्लारीच्या भूकंपाने दाखवलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होती. तिथला धक्का सहाच्या थोडा वरचा. रिश्टरचा एक अंक वाढला की सुटणारी ऊर्जा साधारण बत्तीस पट होते, म्हणजे चार आणि सहा यांत हजार पटींचं अंतर. डहाणूच्या अनुभवावरून ‘आमची बिल्डिंग हलली, पण काही झालं नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा.

माझ्या मते वालीवमध्ये खरी भीती भेगेपेक्षा खांबांची आहे. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं तेव्हा दोनशेहून अधिक किलोमीटर दूरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. त्यातल्या अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेला होता. वर भिंतींचं वजन आणि खाली नुसते खांब. आपल्याकडे तळमजल्यावर शटरवाले गाळे असतात. दोन गाळे एक करायला मधली भिंत काढली जाते, पाइपासाठी खांब फोडला जातो, गच्चीवर पाण्याच्या जादा टाक्या चढतात. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट भूकंपाशिवायच कोसळली आणि सतरा माणसं गेली. ती अनधिकृत होती.

म्हणून पहिला रुपया स्ट्रक्चरल ऑडिटवर. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. ते करून अहवाल कपाटात ठेवणाऱ्या सोसायट्याही काही कमी नाहीत.

दुसरा रुपया विम्यावर, आणि तो तसा लहानच असतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात आग, पूर, दरड यांच्यासोबत भूकंप धरलेलाच असतो. वर्षाचा हप्ता अनेकदा एका महिन्याच्या मेंटेनन्सपेक्षाही कमी पडतो. लोक घोळ घालतात तो रकमेत. विमा बाजारभावाचा नसतो, जागेचाही नसतो. चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर, एवढाच हिशेब. समजा फ्लॅट ३५ लाखांचा आहे, चटई क्षेत्र ४५० चौरस फूट आणि बांधकामाचा दर फुटाला २,००० रुपये, तर इमारतीचा विमा ९ लाखांचा. घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. भाडेकरूला नुसत्या सामानाचाही विमा काढता येतो. गृहकर्ज घेताना बँकेने गळ्यात मारलेली पॉलिसी घराची आहे की कर्जदाराच्या जिवाची, हे एकदा उघडून बघा. पुष्कळांना ते ठाऊकच नसतं.

खरी अडचण पुढेच आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्याला नऊ लाख मिळाले तरी तो हवेत फ्लॅट बांधू शकत नाही. खांब, जिना, पाया सगळ्यांचा. आदर्श उपविधींत आग आणि भूकंपाचा विमा सोसायटीनेच काढायचा आहे, पण वार्षिक सभेत पार्किंग आणि गळतीवर दोन तास भांडण होतं आणि या विषयाला पाच मिनिटंही मिळत नाहीत. परवानगीविना उभ्या इमारतीत तर कोडं आणखी अवघड. प्रस्तावात बांधकामाची माहिती लपवली तर दाव्याच्या वेळी तीच आड येते, आणि पैसे मिळाले तरी त्या जागी पुन्हा बांधायला परवानगी कोण देणार? अशा घरात राहणाऱ्याने इमारतीच्या विम्यावर फार भिस्त ठेवू नये. सामानाचा विमा मिळतो का ते कंपनीला सगळं खरं सांगून विचारावं, आणि घर बदलण्यासाठी बाजूला टाकायचे पैसे आधी टाकावेत.

घरात करायच्या गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. उंच कपाट भिंतीला पट्टीने जखडा, पलंगाच्या वरच्या फळीवरून जड पेट्या उतरवा, गॅसचा नॉब कुठे बंद होतो ते मुलांनाही दाखवा. धक्का बसला की जिन्याकडे धावू नका. मजबूत टेबलाखाली बसून त्याचा पाय धरा, हलणं थांबल्यावर उतरा, लिफ्ट वापरू नका. शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू आणि पॉलिसी यांची एकेक प्रत गावाकडच्या घरी किंवा नातेवाइकांकडे ठेवा.