मताला भाव आला तेव्हा

फेसबुक-ट्विटरवर आपण फुकट लिहितो आणि जाहिरातीचा पैसा कंपनी नेते, या जुन्या तक्रारीवर २०१६ च्या मार्चमध्ये एक उत्तर पुढे आलं. नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी 'स्टीम' ही ब्लॉकचेन आणि तिच्यावर चालणारं 'स्टीमिट' सुरू केलं. पोस्टला अपव्होट पडला की लेखकाच्या खात्यात नाणी जमा होणार, आणि अपव्होट देणाऱ्यालाही त्यातला वाटा मिळणार. ४ जुलैला पहिलं वाटप झालं. 'मी अमुक, तमुक गावचा' एवढंच सांगणाऱ्या पोस्टपुढे हजारो डॉलरचे आकडे दिसू लागले, महिना संपायच्या आत नाण्याचा भाव चार डॉलरच्या आसपास गेला आणि लोकांची रीघ लागली. पुढच्या मार्चमध्ये तोच भाव दहा सेंटच्या खाली होता.

त्या काळाबद्दल लिहिणारे बहुतेक जण लबाडांच्या कहाण्या सांगतात. त्या खऱ्या आहेत आणि रंजकही आहेत. पण लबाडी कशाला म्हणायचं याचा निकाल स्टीमवर शेवटपर्यंत लागला नाही, आणि त्याचं कारण पहिल्या दिवसापासून व्यवस्थेतच होतं. इथे मत ही मालमत्ता होती. ज्याच्याकडे जितकी नाणी गुंतवलेली, म्हणजे त्या भाषेत 'स्टीम पॉवर', तितकं त्याच्या मताचं वजन. मोठे ते व्हेल, छोटे ते मिनो. ज्या गोष्टीची मालकी असते ती विकता येते, भाड्याने देता येते, तिच्यावर व्याज मिळवता येतं. पुढची चार वर्षं लोकांनी हेच केलं.

बक्षिसाचा पैसा वाचकाच्या खिशातून येत नव्हता. व्यवस्था रोज नवी नाणी पाडायची. सुरुवातीला तर वर्षाकाठी साठा दुपटीच्या बेताने वाढत होता. २०१६ च्या डिसेंबरात हा वेग साडेनऊ टक्क्यांवर आणला गेला. रोजच्या नव्या नाण्यांतला मोठा हिस्सा एका सामायिक निधीत जायचा आणि मतांच्या प्रमाणात वाटला जायचा. निधी ठरलेला असल्याने कुणाच्या पोस्टवर जास्त पैसे पडले, तर ते इतर सगळ्यांच्या वाट्यातून आलेले असायचे. म्हणूनच तिथली भांडणं इतकी कडवट झाली.

पहिली लबाडी अगदीच ओळखीची होती. दुसऱ्याचे लेख उचलायचे, फोटो आपले म्हणून खपवायचे, परक्याचा चेहरा लावून ओळखीची पोस्ट टाकायची, दिसेल त्या लेखाखाली 'नाइस पोस्ट, फॉलो मी' चिकटवून फिरायचं. यावर पहारा देणारेही लोकांतूनच उभे राहिले. 'चीता' नावाचा बॉट मिळताजुळता मजकूर सापडला की पोस्टखाली मूळ ठिकाणाचा दुवा टाकायचा, आणि 'स्टीमक्लीनर्स' हा गट अशी खाती हेरून डाउनव्होट करायचा. चांगलं काम होतं ते. पण सर्वांत जास्त शिक्षा झाली ती याच भुरट्यांना, आणि निधीचं सर्वांत कमी नुकसान त्यांनीच केलं, असं माझं मत आहे.

स्टीमच्या श्वेतपत्रिकेत गैरवापरावर एक मोकळीढाकळी कबुली आहे. तिचा आशय असा, की गैरवापर संपूर्ण थांबवणं शक्य नाही आणि ते ध्येयही असू नये. गैरवापर करणाराही काही काम करतोच, त्यातून नाणी पसरतात. फक्त तो इतका माजू नये की खरं काम करणाऱ्याचा हुरूप जाईल. पुढे समजावायला लेखकांनी टोपलीतल्या खेकड्यांची गोष्ट घेतली आहे. ही गोष्ट मराठी माणसाला सांगायला नको. ती आपण आपल्यावरच इतक्या वेळा सांगून झालो आहोत की आपलीच वाटते. श्वेतपत्रिकेने मात्र ती उलटी वाचली. आपण ती हेव्याचा दाखला म्हणून सांगतो, आणि त्यांना हेव्यात उपयोग दिसला. एखादा खेकडा लबाडीने वर चढू लागला तर बाकीचे त्याला खाली ओढतील, म्हणजे डाउनव्होट करतील, आणि टोपली शाबूत राहील. मोठा खेकडा छोट्यांच्या हाती लागणारच नाही, ही शक्यता गोष्टीत नव्हती.

सुरुवातीच्या गणितात मात्र त्यावर थोडा विचार होता. तेव्हा बक्षीस मतांच्या वजनाच्या वर्गाने वाढायचं: दुप्पट वजनाला चौपट पैसा. एकट्याने स्वतःला मत दिलं तर हाती फारसं काही लागू नये आणि अनेकांनी उचलून धरलेल्या लेखाला भरघोस मिळावं, असा हेतू. प्रत्यक्षात वर्गाच्या गणितात मूठभर व्हेल ठरवतील तेच खरं झालं. मिनोच्या मताने सेंटही हलेना. असंतोष वाढला. २०१७ च्या जूनमध्ये एकोणिसाव्या हार्डफोर्कने, म्हणजे सगळ्या साखळीला लागू होणाऱ्या नियमबदलाने, वक्ररेषा सरळ केली: जितकं वजन तितकाच पैसा. त्या बदलाला नावही 'इक्वॅलिटी' दिलं होतं. मिनोंच्या मताला पहिल्यांदाच काही किंमत आली आणि लोक हरखले.

त्या आनंदात एक साधा हिशोब मागे पडला. तेव्हा लेखकाला पंचाहत्तर टक्के आणि मत देणाऱ्यांना पंचवीस टक्के मिळायचे. मी माझं मत एखाद्या उत्तम परक्या लेखाला दिलं तर मला पंचवीस टक्क्यांतला वाटा मिळणार; तेच मत माझ्याच पोस्टला दिलं तर सगळंच माझं. प्रामाणिक वाचक होण्याची किंमत तीन चतुर्थांश उत्पन्न इतकी होती, आणि ती रोज, प्रत्येक मतामागे द्यावी लागत होती. काही दिवस कुणीही ती आनंदाने देईल. पण शेजारचा दिवसाला दहा वेळा स्वतःलाच मत देऊन आपली नाणी वाढवताना दिसत असेल, तर किती दिवस देईल?

त्याच सुमारास स्टीम पॉवर दुसऱ्याला वापरायला देण्याची, म्हणजे डेलिगेशनची सोय आली होती. मालकी आपली, वजन दुसऱ्याच्या हाती. नवख्यांना आधार देण्यासाठी ती चांगली होती. तिच्यातूनच बिडबॉट उभे राहिले. व्हेल आपली पॉवर बॉटला भाड्याने देत. बॉट दर दोन तास चोवीस मिनिटांनी एक पूर्ण ताकदीचं मत टाकी, कारण दिवसाला अशी दहाच मतं पुरत. त्या फेरीत ज्यांना मत हवं त्यांनी बॉटच्या खात्यात पैसे पाठवायचे आणि सोबत पोस्टचा पत्ता लिहायचा. ज्याची बोली जितकी, तितका त्याला मताचा वाटा. कोणत्या बॉटच्या फेरीत किती बोली लागली आहे आणि आता घुसलं तर फायदा की तोटा, हे दाखवणारे तक्तेही होते. मटक्याच्या आकड्यांकडे लागावेत तसे लोकांचे डोळे त्यांच्याकडे लागलेले असत.

या धंद्यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. भाडं देणाऱ्याला भाडं मिळे, बोली लावणाऱ्याला मत मिळे, सगळे व्यवहार ब्लॉकचेनवर उघडे. विचारलं तर उत्तर तयार असे: हा जाहिरातीचा खर्च आहे, आणि कोडमध्ये याला मनाई कुठे आहे? फक्त 'ट्रेंडिंग' पानावर वाचण्यासारखं काही उरलं नाही. तिथे विकत घेतलेल्या मतांच्या पोस्टची रांग लागली, आणि बाहेरून नव्याने येणारा माणूस पहिल्यांदा तेच पान बघत होता. वाचून मत देणारा माणूस या सगळ्यात गैरसोयीचा ठरला. बॉटला वाचावं लागत नाही.

पिट्सबर्ग विद्यापीठातील चाओ ली आणि बालाजी पलानिसामी यांनी २०१६ च्या मार्चपासून २०१८ च्या ऑगस्टपर्यंतच्या स्टीमवरच्या नोंदी तपासल्या. नाण्यांच्या हस्तांतरणांपैकी सोळा टक्क्यांहून अधिक बॉट असल्याचा संशय असलेल्या खात्यांकडे गेली होती, आणि त्या बॉटना पॉवर पुरवणारं जाळंही त्यांना सापडलं. वाचकांच्या पसंतीची म्हणून उभारलेल्या व्यवस्थेचं हे प्रगतिपुस्तक.

दरम्यान खेकडे काय करत होते? डाउनव्होट करायला स्वतःच्याच मतांचा साठा खर्चावा लागे, म्हणजे सार्वजनिक स्वच्छतेचं काम पदरमोड करून करायचं. शिवाय ज्याला डाउनव्होट करायचा तो बदला घेणार. एका प्रसिद्ध प्रकरणात शेअर-नाण्यांचे आलेख काढणारा एक लेखक दिवसाला अनेक पोस्ट टाकायचा आणि एक व्हेल त्या सगळ्यांना भरभरून मतं द्यायचा. त्याविरुद्ध दुसऱ्या व्हेलने मोहीम उघडली, आणि महिनोनमहिने दोन्हीकडून मतांचा मारा चालला. एक बाजू म्हणे निधीची लूट, दुसरी म्हणे माझी मालमत्ता, मी कुणालाही देईन. दोघांच्या मताला धरून वाद घालणाऱ्या सामान्य सभासदांच्या हातात मात्र उपाय नव्हता.

२०१८ च्या जानेवारीत भाव पुन्हा चढून आठ डॉलरच्या घरात गेला होता. वर्षअखेरीस तो कोसळलेला होता आणि नोव्हेंबरात स्टीमिट कंपनीने सुमारे सत्तर टक्के माणसं कमी केली. त्यानंतर कुठे नियम बदलायची निकड आली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये एकविसावा हार्डफोर्क झाला. लेखक आणि वाचक यांचा वाटा निम्मा-निम्मा झाला, अगदी थोडी मतं पडलेल्या पोस्टचा भाव जरा कमी केला, आणि डाउनव्होटसाठी वेगळा साठा दिला, म्हणजे आता पदरमोड नाही. 'न्यू स्टीम' अशी घोषणा झाली. बरेच बिडबॉट काही आठवड्यांत बंद पडले किंवा धंदा बदलून बसले. ट्रेंडिंगवर वाचनीय लेख दिसू लागले. मला विचाराल तर स्टीमचा सर्वांत चांगला काळ हा, आणि तो सहा महिनेही टिकला नाही.

कारण २०२० च्या फेब्रुवारीत ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या जस्टिन सनने स्टीमिट कंपनीच विकत घेतली. कंपनीने सुरुवातीला, फारशा कुणाला पत्ता लागण्याआधी, खणून घेतलेली नाणी त्याच्या हाती आली. एकूण साठ्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. ही नाणी स्टीमच्या वाढीसाठीच वापरू, असं आश्वासन कंपनी देत आली होती. कोडमध्ये ते कुठेच नव्हतं. ब्लॉकचेन चालवणाऱ्या 'विटनेस'नी घाबरून ती नाणी गोठवली. २ मार्चला उत्तर आलं: बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या एक्स्चेंजेसमध्ये ग्राहकांनी ठेवलेली नाणी स्टीम पॉवरमध्ये बदलून मतदानाला लावली गेली. प्रत्येक खात्याला तीस विटनेसना मत देता येतं आणि प्रत्येकाला पूर्ण वजनाचं. त्यामुळे एका झटक्यात वरचे वीसच्या वीस विटनेस बदलले. गुंतवलेली नाणी सोडवायला तेव्हा तेरा आठवडे लागत. मतदानाशी काही संबंध नसलेल्या ग्राहकांच्या ठेवी अशा अडकल्या. गदारोळ झाल्यावर बायनान्स आणि हुओबीने मतं काढून घेतली.

बिडबॉटवाल्यांचंच तत्त्व इथे घाऊक प्रमाणात वापरलं गेलं होतं, आणि यावेळी संतापलेल्यांत बिडबॉटना पॉवर भाड्याने देणारे अनेक जण होते.

२० मार्चला विरोधकांनी 'हाइव्ह' ही वेगळी ब्लॉकचेन काढली. सगळ्यांची शिल्लक जशीच्या तशी नेली, कंपनीची ती नाणी सोडून. आणि एक गट सोडून: ज्यांनी सनच्या बाजूच्या विटनेसना मतं दिली होती, अशा काही खात्यांनाही वगळलं. मत दिल्याबद्दल शिल्लक गेली. मूळ प्रश्नाला ज्यांच्याकडे सर्वांत चांगलं उत्तर होतं, त्यांनीही पहिल्याच दिवशी हे करावं, याचं आजही वाईट वाटतं. उलट बाजूने, २० मे रोजी स्टीमवर हार्डफोर्क करून चौसष्ट खात्यांतली सुमारे २ कोटी ३६ लाख नाणी काढून घेतली गेली. ती ज्या खात्यात जमा झाली, तिथून कुणीतरी ती बिट्रेक्स एक्स्चेंजकडे मालकांना परत करा म्हणून वळवली. आपल्या नाण्यांना कुणी हात लावू शकत नाही, या विश्वासावर उभी असलेली व्यवस्था दोन महिन्यांत दोन्ही बाजूंनी मोडली.

भारतातल्या लिहिणाऱ्यांसाठी हा काळ आणखी चमत्कारिक होता. २०१८ च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं ते ४ मार्च २०२० ला, म्हणजे स्टीमचे विटनेस बदलल्यानंतर दोन दिवसांनी. नाणी बँकेत आणायचा रस्ता मोकळा झाला, तेव्हा नाण्यांमागचा समाज दुभंगत होता. पुढे २०२२ च्या एप्रिलपासून या नाण्यांच्या विक्रीतल्या नफ्यावर तीस टक्के कर लागू झाला, जुलैपासून व्यवहारावर एक टक्का टीडीएस. त्यामुळे आज कुणी 'पोस्ट टाका, कमवा' म्हणत आलं, तर दिसणाऱ्या डॉलरच्या आकड्यातून आधी हे वजा करून बघा.

तसं सांगत येणारे थांबलेले नाहीत. २०२१ मध्ये 'बिटक्लाउट'ने हजारो नामवंतांची ट्विटरवरची ओळख त्यांना न विचारता आपल्याकडे उतरवून त्यांच्या नावाची नाणी विकायला काढली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'फ्रेंड डॉट टेक'ने माणसाशी गप्पा मारायच्या हक्काचाच बाजार मांडला आणि वर्षभरात तो ओसरलाही. यांच्या तुलनेत स्टीम फारच सज्जन होतं. तिथे निदान लिहावं तरी लागे.

स्टीमवर २०२१ पासून कमाईतला निम्मा भाग पुन्हा गुंतवणाऱ्या आणि मत-विक्रीच्या बॉटपासून लांब राहणाऱ्यांनाच व्यवस्थापकांच्या खात्यांतून मतं मिळू लागली. हाइव्हवर 'हाइव्हवॉचर्स' चोरलेल्या मजकुरावर आणि आता यंत्राने लिहिलेल्या पोस्टवर डाउनव्होट टाकत असतात, आणि त्यांच्या अतिरेकाबद्दलही तितक्याच तक्रारी असतात. दोन्ही साखळ्या चालू आहेत. दोन्हीकडे मताचं वजन आजही खात्यात गुंतवलेल्या नाण्यांवरच ठरतं.