तीस ग्रोशांचे वचन

माझ्या नाणेसंग्रहाची सुरुवात आजीच्या डब्यातल्या दोन रुपयांनी झाली. एक पंचम जॉर्जचा, दुसरा सहाव्या जॉर्जचा. दिसायला सख्खी भावंडे. पण पहिल्यात चांदी शेकडा ९१.६७, तर १९४० नंतरच्या दुसऱ्यात अवघी निम्मी. महायुद्धाने रुपयातली चांदी खाल्ली, छाप मात्र रुपयाचाच राहिला. जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाला हा फरक स्वस्थ बसू देईना. त्याच ओढीने मी पोलंडच्या यान काझिमिएश राजाच्या नाण्यांपर्यंत पोहोचलो.

या राजाची कारकीर्द १६४८ ते १६६८. कोसॅकांचे बंड, रशियाशी युद्ध आणि १६५५ साली स्वीडनची स्वारी. पोलिश लोक त्या काळाला ‘महापूर’च म्हणतात. देश कसाबसा वाचला, पण खजिना रिता झाला. पगार थकल्याने सैनिकांनीच बंड पुकारले. तेव्हा टांकसाळ चालवणाऱ्या आंद्रेआस तिम्फने १६६३ पासून चांदीचे एक नवे नाणे पाडले. दर्शनी किंमत तीस ग्रोश; आतली चांदी त्याच्या निम्म्याहूनही कमी किमतीची! लोकांनी नाण्यालाच ‘तिम्फ’ म्हणायला सुरुवात केली.

गंमत अशी, की सरकारने ही गोष्ट लपवली नाही. नाण्यावरच लॅटिनमध्ये कोरले, की देश वाचला हीच याची किंमत, आणि ती धातूहून मोठी आहे. बाजाराला हे पटले नाही. भाव चढले, चांगली नाणी लोकांनी दडवली. वाईट नाणे चांगल्याला हुसकावते, हे कोपर्निकसने १५२६ सालीच लिहून ठेवले होते. राजाच्या नावाची आय, सी, आर ही आद्याक्षरे नाण्यावर होती. लोकांनी त्यांचा अर्थ लावला, ‘राज्याच्या अरिष्टाचा आरंभ’. चांगला विनोद एका तिम्फाच्या मोलाचा, ही म्हण पोलिश भाषेत आजही आहे.

तिम्फ भरपूर पाडले गेले, म्हणून तसे ते दुर्मीळ नाहीत. पण घाईत ठोकलेले. कुठे अक्षरे कडेबाहेर गेली, कुठे छाप सरकला. ते संपूर्ण वाक्य स्वच्छ वाचता येईल असे नाणे मिळणे दुर्मीळ, आणि संग्राहक त्याच्याच मागे असतात. असे नाणे घासूनपुसून चकचकीत केले, की त्याचे मोल गेलेच म्हणून समजा. माझ्याजवळच्या तिम्फावर वाक्य अर्धेच उमटले आहे.

परवा आत्याने ते हातात घेऊन पाहिले. तिच्यापुढे नाण्यांविषयी बोलताना माझी जीभ अडखळते. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेत ठेव ठेवायला मीच तिला सांगितले होते. व्याज थोडे जास्त होते, एवढेच कारण. संस्था बुडाली. आत्या मला एका शब्दाने बोलली नाही. ठेवीची पावती तिने देव्हाऱ्याच्या खणात ठेवली आहे.

“काय रे लिहिलंय यावर?” तिने विचारले. मी अर्थ सांगितला.

“मग वाचला का त्यांचा देश?”

“तेव्हा वाचला.”

“म्हणजे त्यांचे पैसे कशाला तरी लागले म्हणायचे,” ती म्हणाली. “माझ्या पावतीनं कोण वाचलं रे?”

मला उत्तर सुचले नाही. त्या महिन्यापासून तिच्या ठेवीचे व्याज मी माझ्या पेन्शनीतून देतो. ती मुकाट्याने घेते. पावती मात्र अजून खणातच आहे.