काळ्या रानावरचें विजेचें ग्लायडर

वैशाखांतल्या दुपारीं अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या शिवारांत उभें राहून वर पाहिलें, तर एखादी घार पंख न हलवितां गिरक्या घेत वर चढतांना दिसते. तिला हें बळ कोठून मिळतें? वऱ्हाडची काळी जमीन उन्हाची उष्णता शोषून घेते. तिच्यावरची हवा तापून हलकी होते व स्तंभासारखी वर उठते. त्या स्तंभांत शिरून घार गोल फिरते आणि हवाच तिला उचलते. रेडिओच्या लहरींनीं चालणारें विजेचें छोटें ग्लायडर हें या घारीचेंच मानवी अनुकरण होय. त्याची मोटर केवळ उंची गांठण्यापुरती. पुढील काम पंखांनीं व हवेनें करावयाचें.

शिकाऊ माणसाची पहिली चूक दुकानांतच होते. देखणें व वेगवान विमान तो घेतो, आणि तें पहिल्याच मिनिटांत कपाशीच्या पराट्यांत कोसळतें. आरंभीं फोमचें, दीड ते दोन मीटर पंखविस्ताराचें आणि मोटर मागच्या बाजूस असलेलें ग्लायडर बरें. नाक आपटलें तरी मोटर व तिचा पंखा वांचतो. पंखांचीं टोकें किंचित वर उचललेलीं असावींत. असें विमान कललें, कीं त्या बाजूस घसरूं लागतें. खालच्या पंखास हवा अधिक कोनानें लागते व तो आपोआप वर येतो. तोल मात्र प्रत्येक वेळीं पाहावा. पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शादरम्यान दोन बोटांवर विमान समतोल राहिलें पाहिजे. शेपटीकडे जड असलेलें विमान जाणत्याच्याही हातीं राहत नाहीं.

पहिलें उड्डाण सकाळच्या शांत हवेंत, पीक निघालेल्या मोकळ्या रानांत करावें. विमान वाऱ्याकडे तोंड करून, नाक वर न उचलतां, सरळ सोडावें आणि आधीं उंची घ्यावी. एक चूक झाली तरी ती सुधारून दुसरीस अवकाश उरावा, इतकी ती उंची असावी. घाबरलेला शिकाऊ दांडी मागें ओढतो. नाक वर जातें, वेग संपतो, पंखांची उचल नाहींशी होते आणि विमान कोसळतें. उपाय उलटा आहे : दांडी सोडून नाक खालीं जाऊं द्यावें, म्हणजे वेग परत येतो. दुसरी अडचण विमान समोरून येतांना पडते. तेव्हां डावें-उजवें उलटें भासतें. त्या वेळीं जो पंख खालीं झुकलेला दिसेल, त्याच बाजूस दांडी न्यावी. विमान सरळ होतें.

हात बसला, कीं सुधारणेची हौस उपजते. दोन घटांच्या ७·४ व्होल्टांच्या बॅटरीऐवजीं तीन घटांची ११·१ व्होल्टांची बसविण्याचा मोह बहुतेकांस होतो. पंखा तोच ठेवला, तर विजेचा प्रवाह हिशेबानें सव्वादोन पटींच्या आसपास जातो, आणि मोटर अथवा तिचा नियंत्रक जळतो. म्हणून पंखा लहान घ्यावा व प्रवाह मीटरनें मोजावा. खरा क्रम निराळाच आहे. प्रथम पंखांत कार्बनची कांडी घालून ते ताठ करावे. मग मोटर थांबल्यावर मिटणारा पंखा लावावा, म्हणजे हवेचा अडथळा कमी होतो. आणि शेवटीं मोटरीकडे वळावें. लिथियमचा घट ४·२ व्होल्टांपलीकडे भरूं नये व ठेवतांना सुमारें ३·८ वर ठेवावा. वऱ्हाडच्या मे महिन्यांत बंद मोटारगाडींत बॅटरी व फोमचे पंख ठेवणें म्हणजे एकीस धोका व दुसऱ्यांस वांक देणें होय.

जागेचाही विचार हवा. १६ एप्रिल २०२५ रोजीं अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची नियमित वाहतूक सुरू झाली. त्यामुळें बडनेऱ्याकडील मोकळीं रानें आतां पूर्वीसारखीं निश्चिंत राहिलीं नाहींत. अकोल्याच्या शिवणी विमानतळाजवळही तीच सावधगिरी बाळगावी. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरच्या आंत निर्बंध आहेत, आणि त्यापलीकडील हिरव्या क्षेत्रांतही ४०० फुटांची मर्यादा आहे. हौशी माणसास २ किलोपर्यंतच्या यानासाठीं वैमानिकाचा परवाना लागत नाहीं. परंतु नकाशा पाहून जागा निवडण्याचें कर्तव्य त्यामुळें टळत नाहीं. त्याच आकाशांतून आतां माणसें प्रवास करतात.

इतकें सांभाळलें, कीं एखाद्या दुपारीं मोटर बंद असतांना ग्लायडर अकस्मात् हलकेंच वर उचललें जातें. अशा वेळीं एक पंख थोडा उसळतो. त्या बाजूस वळून गोल फिरावें. जवळपास घार फिरत असेल, तर तिच्याच गिरकींत जागा शोधावी. ती स्तंभ अचूक दाखविते, आणि त्यासाठीं तिला बॅटरी लागत नाहीं.