दोन मिनिटांचा संकर, दोन वर्षांची वाट

मागच्या वेळी प्रश्न आला होता, की घरच्या बागेत नवं फूल तयार करता येतं का? येतं. मी थंड मुलुखात काही वर्षं राहिलो, तेव्हा घरामागच्या दोन वाफ्यांत दाढीवाले आयरिस वाढवले. त्यांचाच दाखला घेऊ.

आधी फूल बघा. तीन पाकळ्या उभ्या, तीन खाली झुकलेल्या. झुकलेल्या पाकळीवर केसाळ पट्टा असतो, ती दाढी. तिच्यावर कमानीसारखं छप्पर, आणि छपराखाली लपलेला परागकोश. छपराच्या टोकाशी एक बारीक ओठ असतो, ती कुक्षी. मधमाशी आत शिरताना आधीच्या फुलातले पराग या ओठावर घासले जातात. नवे पराग तिला पुढे गेल्यावर लागतात. परत निघताना ओठाची चिकट बाजू तिच्या पाठीला लागतच नाही. म्हणजे स्वतःचेच पराग स्वतःला लागू नयेत, याची सोय फुलानंच केलेली आहे.

आपण माशीचं काम करायचं, एवढंच. सकाळी नुकतं उमललेलं फूल घ्या. त्याचे परागकोश काढून टाका, झुकलेल्या पाकळ्याही खुडा, म्हणजे माशीला उतरायला जागा राहत नाही. दुसऱ्या जातीचा परागकोश चिमट्यात धरून ओठावर पराग लावा. झालं! दोन मिनिटं लागतात. मग चिठ्ठी बांधा: आईचं नाव आधी, बापाचं नंतर.

साधारण दोन महिन्यांनी बोंड तपकिरी होऊन तडकू लागतं. बी शरद ऋतूत कुंडीत पेरून कुंडी हिवाळाभर उघड्यावर ठेवायची. थंडी आणि ओल मिळाल्याशिवाय ते रुजत नाही. वसंतात कोंब येतात. काही बिया तर आणखी एक वर्ष घेतात, म्हणून कुंडी लगेच रिकामी करू नका. पहिलं फूल साधारण संकरानंतर दोन वर्षांनी येतं, काहींना तीनही लागतात.

आणि इथंच बरेच जण हिरमुसतात. कारण काय? आजच्या उंच आयरिसमध्ये प्रत्येक गुणसूत्राच्या दोन नव्हे, चार प्रती असतात. समजा, रंगीत किनारीचं फूल हवंय. तो गुण दबणारा आहे. चारही प्रती तशाच असल्या तरच दिसतो. किनारवाला आणि शुद्ध एकरंगी यांचा संकर केला, तर सगळी पोरं एकरंगी! त्यातल्या दोन भावंडांचा पुन्हा संकर करा. मग सरासरी 36 रोपांत एक किनारवालं. दोनच प्रती असत्या, तर चारांत एक मिळालं असतं. दहा रोपं लावून निराश झालेल्या माणसाचा हात वाईट नसतो, त्याचा हिशेब कमी पडलेला असतो.

केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक मायकल फॉस्टर हाच छंद घरच्या बागेत करत. आशिया मायनरमधून त्यांनी मोठ्या फुलांचे आयरिस मिळवले. त्यांत 48 गुणसूत्रं, जुन्या बागेतल्या जातींत 24. म्हणून त्यांचा संकर कमी बी धरी. हे आकडे कळायच्या आधीच, 1907 साली फॉस्टर वारले. पण त्यांच्या टिपणांचा उपयोग विल्यम डाइक्स यांना 1913 च्या ‘द जीनस आयरिस’ या ग्रंथासाठी झाला. झाडं जातात हो, नोंद राहते.

माझं उलट झालं. एका वर्षी चिठ्ठ्या शाईनं लिहिल्या. पावसानं धुतल्या. दोन वर्षांनी त्या वाफ्यात माझ्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं फूल आलं, आणि त्याचे आईबाप कोण, ते आजही मला सांगता येत नाही. पुन्हा करावं म्हटलं, तर करणार कसं? तेव्हापासून पेन्सिल वापरतो, आणि वहीत दुसरी प्रत ठेवतो.

पुण्या-मुंबईच्या उन्हात हे आयरिस रमत नाहीत. तिथं जास्वंद घ्या. मात्र साधी लाल जास्वंद सहसा बी धरत नाही, संकरित जाती निवडा. रीत तीच. पराग लावायच्या आधी चिठ्ठी लिहून ठेवा, म्हणजे झालं.