दगडमातीच्या घरांचे भूकंपरोधक मजबुतीकरण : किल्लारीच्या संदर्भात

प्रस्तावना
30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3.56 वाजता लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवरील किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्याचे परिमाण सुमारे 6.2 होते, तरीही सुमारे 10 हजार माणसे मृत्युमुखी पडली. 1984 च्या भूकंपप्रवण नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या परिमंडळ 1 मध्ये होता. घरे का कोसळली आणि उभी घरे न पाडता सुरक्षित करता येतील का, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हानीची कारणे
अनघड दगडांची दोन-अडीच फूट रुंद भिंत वरकरणी भक्कम दिसते. प्रत्यक्षात ती दोन सुट्या थरांची असते. मधल्या पोकळीत माती व दगडांच्या कपच्या भरलेल्या असतात. दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगड क्वचितच आढळतो. हादऱ्यांमुळे मधला भराव खाली दबतो, थर फुगतात आणि कोसळतात. त्यात माळवदावरील मातीच्या जाड थराची भर पडते. हा थर उन्हापासून संरक्षण देतो. परंतु भूकंपाचे बल वस्तुमानाच्या प्रमाणात वाढत असल्याने तोच घातक ठरतो. अनेक ठिकाणी लाकडी खांब उभे राहिले. माणसे मात्र भिंतींच्या ढिगाऱ्याखाली सापडली.

मजबुतीकरणाचे उपाय
1) माळवदावरील अनावश्यक माती काढून भार कमी करणे.
2) भिंतीत सुमारे 1 मीटर अंतरावर, दगड हलक्या हाताने काढून, आरपार छिद्रे पाडणे; त्यांत दोन्ही टोके वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरणे. त्यामुळे दोन्ही थर एकत्र बांधले जातात.
3) भिंतींच्या वरच्या भागात चहूबाजूंनी तारेची जाळी व सिमेंटचा सलग पट्टा देऊन कोपरे एकमेकांत गुंफणे.
4) लाकडी खांब व तुळया यांच्या सांध्यांना तिरके आधार देणे.

समारोप
2002 च्या सुधारणेत परिमंडळ 1 रद्द झाले व किल्लारी परिसर परिमंडळ 3 मध्ये गेला. नकाशा बदलला, तरी त्यामुळे जुनी भिंत बदलत नाही. भूकंपानंतर दगडावरचा लोकांचा विश्वास उडाला. वस्तुतः दोष दगडाचा नसून बांधणीचा होता. स्थापत्य अभियांत्रिकीच्या अध्यापनात नव्या इमारतींच्या आराखड्याइतकेच जुन्या घरांच्या परीक्षणालाही स्थान मिळावे. विद्यार्थ्याने आपल्याच गावातील एका भिंतीत आरपार दगड आहे की नाही, एवढे तपासले तरी या अध्ययनाचा आरंभ होईल.