कादंबरी एकदा लिहून होत नाही

आपल्या समाजात लिहिणारे हात वाढले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. उद्यमनगरातील लेथवर आठ तास उभा राहणारा तरुण, शिरोलीच्या फाउंड्रीतून थकून येणारा कामगार, अंगणवाडीतील ताई, निवृत्त झालेले गुरुजी, असे कितीतरी जण रात्री जेवणे उरकली की वही घेऊन बसतात. आधी कविता आली, मग आत्मकथने आली. आता अनेकांना कादंबरी लिहिण्याची ओढ लागली आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘सनातन’ या कादंबरीला २०२० सालचा सरस्वती सन्मान मिळाला, तेव्हापासून तर ही उमेद अधिकच वाढली आहे.

परंतु एक चित्र आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. वही भरली की आठ दिवसांत मजकूर टाईप होतो. पतसंस्थेचे कर्ज निघते. पाचशे प्रती छापल्या जातात. एप्रिलमध्ये जयंतीच्या व्यासपीठावर प्रकाशन होते, हारतुरे होतात, टाळ्या पडतात. पुढे गठ्ठे माळ्यावर चढतात आणि कर्जाचे हप्ते मात्र दरमहा पगारातून कापले जातात. घरातली बाई विचारते, ‘‘वाचलं का कुणी?’’ त्याला उत्तर नसते. दोष विषयाचा नसतो, तळमळीचा तर नसतोच. ती वही हा पहिला खर्डा असतो, आणि खर्ड्यालाच आपण पुस्तक समजून छापखान्यात धाडतो.

पन्नास प्रतींचा धडा

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा इंग्रजी ग्रंथ कसा सिद्ध केला, हे प्रत्येक लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावे. १९५१ साली त्यांनी त्याचा मजकूर ‘द बुद्धा अँड हिज गॉस्पेल’ या नावाने छापून घेतला. किती प्रती? फक्त पन्नास! त्या विक्रीसाठी नव्हत्या, जाणकारांची मते मागविण्यासाठी होत्या. त्यानंतर अनेक वर्षे प्रकृती ढासळत असतानाही ते त्या मजकुरावर काम करीत राहिले. ग्रंथाचे नावसुद्धा बदलले. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही त्यांनी या ग्रंथाची प्रस्तावना हाताळण्यासाठी जवळ मागून घेतली होती. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली.

तो ग्रंथ कादंबरी नव्हे, हे खरे. पण एवढा विद्वान पुरुष छापून आलेला मजकूरही अखेरचा मानत नाही, तर आपण वहीतला मजकूर अखेरचा का मानावा? आपण पाचशे प्रती छापण्याआधी पाच झेरॉक्स प्रती काढाव्यात. त्याला कर्ज लागत नाही.

काही मित्र म्हणतात, ‘‘आमचं लिखाण आतून आलेलं असतं. त्याला रंधा मारला की त्यातली आग जाते. सफाई ही पांढरपेशांची चैन आहे.’’ आम्हाला हे पटत नाही. पुनर्लेखन म्हणजे भाषा गुळगुळीत करणे नव्हे. जे सांगायचे होते ते खरोखर कागदावर उतरले की नाही, हे तपासणे म्हणजे पुनर्लेखन.

फकिराची बांधणी पाहा

अण्णाभाऊ साठे आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील, वाटेगावचे. शाळेत गेले ते जेमतेम दीड दिवस. त्यांची ‘फकिरा’ १९५९ साली आली. ती त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. आपण ती वाचतो आणि भारावतो. पण लिहिणाऱ्याने ती दुसऱ्यांदा वाचावी, सुतार दुसऱ्याने केलेला दरवाजा जसा निरखून पाहतो तशी.

नाव फकिराचे, पण आरंभी भेटतो तो त्याचा बाप राणोजी. तो गावासाठी जोगणी आणतो आणि पुढे त्याच कारणाने जीव गमावतो. मुलगा वाढतो तो या घावासह. मग दुष्काळ येतो, माणसे अन्नावाचून तडफडू लागतात. एवढ्या पायऱ्या चढल्यावर फकिरा धान्य लुटतो, तेव्हा वाचकाला तो लुटारू वाटत नाही. उलट, ‘याने अजून का लुटले नाही?’ असे वाटते. लेखकाला कुठेही भाषण करावे लागत नाही. शिवाय त्या गावात शंकरराव पाटील आहेत, विष्णुपंत कुळकर्णी आहेत, ते फकिराच्या पाठीशी उभे राहतात. सगळे वरचे दुष्ट आणि सगळे खालचे साधू, असा सोपा हिशेब अण्णाभाऊंनी मांडला नाही. म्हणून अन्याय पुसट झाला का? नाही, तो अधिक खरा वाटू लागला.

आता आपला खर्डा उघडून पाहावा. नायक जेवायला बसला आहे, बायको भाकरी थापते आहे आणि तो तिला दीड पानभर समतेवर व्याख्यान देतो. कोणत्या घरात असे घडते? त्याऐवजी तिने विचारावे, ‘‘पोरीची फी भरायची हाय, काय करायचं?’’ आणि त्याने मुकाट्याने हातातले घड्याळ काढून ठेवावे. दीड पान वाचले, आणि शिक्षणाचे मोलही कळले.

कीर्दीसारखी नोंदवही

आम्ही हिशेबात वाढलेली माणसे, म्हणून हिशेबाची रीत सुचवतो. खर्डा संपला की महिनाभर तो ट्रंकेत ठेवावा. मग एक कोरी वही घेऊन रकाने आखावेत: प्रकरण, ठिकाण, साल व महिना, हजर पात्रे, आणि शेवटचा रकाना, ‘काय बदलले’. ज्या प्रकरणापुढे शेवटचा रकाना कोरा राहील, ते प्रकरण कितीही आवडते असले तरी काढावे किंवा दुसऱ्यात मिसळावे. जी पात्रे एकदाच येऊन नाहीशी होतात, ती येथेच सापडतात.

साल-महिन्याचा रकाना फार उपयोगी. समजा, कादंबरीत बिंदू चौकाचा प्रसंग आहे. भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने तेथे महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे उभे राहिले, ते ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेब हयात असताना. खर्ड्यात बहुधा असते, ‘अफाट जनसमुदाय लोटला, जयघोष दुमदुमला.’ हे तर हस्तबिलातही छापता येईल. त्या दिवशी शनिवार होता. तुमचा नायक शाहू मिलमध्ये साच्यावर असेल, तर तो चौकात आला कसा? खाडा केला, की पाळी बदलून घेतली? जॉबर काय म्हणाला? येथून कादंबरी सुरू होते. आणि त्या प्रसंगात कोणी ‘आम्ही बौद्ध’ म्हणत असेल तर लाल पेन्सिल फिरवावी. आपण दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. सहा वर्षे आधीच पात्राला बौद्ध केले की जाणता वाचक तेथेच पुस्तक मिटतो. जुनी वृत्तपत्रे पाहायला करवीर नगर वाचन मंदिरासारखी ग्रंथालये आहेत, वस्तीत म्हातारी माणसे आहेत. विचारायला लाजू नये.

कोणाच्या डोळ्यांनी, कोणाच्या बोलीत

आजऱ्याचे शिवाजी सावंत कोल्हापुरात शाळेत शिक्षक होते, तेव्हा १९६७ साली त्यांची ‘मृत्युंजय’ आली. महाभारताविषयी आपले विचार वेगळे असतील, पण बांधणी शिकण्यासारखी आहे. तेथे कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन बोलतो. जो बोलतो त्याला जेवढे ठाऊक, तेवढेच तो सांगतो. आपल्या खर्ड्यात मात्र पात्राने पाहिलेले आणि लेखकाला ठाऊक असलेले यांची खिचडी होते. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर लिहून ठेवावे: हे कोण पाहते आहे?

बोलीचेही तसेच. आपली आजी ‘‘तू कुठे गेला होतास?’’ असे कधी म्हणाली नाही. ती म्हणते, ‘‘कुठं गेल्तास रं?’’ तिला पुस्तकी बोलायला लावणे म्हणजे तिच्या तोंडातली भाषा काढून घेणे. पण चौथ्या पानावर ‘गेल्तास’ आणि चाळिसाव्यावर ‘गेलतास’, असेही नको.

ऐकणारे पाच जण

पाच प्रती कोणाला द्याव्यात? एक त्या पिढीच्या वृद्धाला, एक बाईमाणसाला, एक कॉलेजात शिकणाऱ्याला, एक समाजाबाहेरच्या वाचकाला आणि एक स्पष्ट बोलणाऱ्या मित्राला. ‘कसे वाटले?’ असे विचारू नये, सगळे ‘छान’ म्हणतील. ‘कुठे कंटाळा आला, कुठे कळले नाही, कोणते पात्र खोटे वाटले?’ असे विचारावे. तिघांनी एकाच पानावर बोट ठेवले तर ते पान पुन्हा लिहावे. रविवारी वंदनेनंतर विहारात एक प्रकरण मोठ्याने वाचावे. माणसे कुठे चुळबुळतात ते डोळ्यांना दिसते.

बंधू-भगिनींनो, फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून ‘जिणं आमुचं’ लिहिले आणि कित्येक वर्षांनी ते छापले गेले. आज आपल्याला लपवावे लागत नाही, मग घाई तरी कशाची? आपल्या आई-बापांनी जे सोसले ते एकदाच घडले, ते पुन्हा घडणार नाही आणि घडूही नये. पण ते कागदावर नीट उतरेपर्यंत चार वेळा लिहायला काय हरकत आहे? त्यांचे आयुष्य माळ्यावर धूळ खात पडू नये, एवढ्यासाठी हे कष्ट आहेत. यंदाच्या जयंतीला प्रकाशन नाही झाले तरी चालेल. पुढच्या जयंतीला वाचणारे असतील.

जयभीम!